चाल आधी, करामत नंतर : कायाकचा ‘सी सी द सन’

येस या इंग्रज बँडने १९७३च्या डिसेंबरात एक दुहेरी एलपी, म्हणजे दोन रेकॉर्डांचा संच, बाजारात आणली. तिच्या चार बाजूंवर अवघ्या चार रचना होत्या आणि प्रत्येक रचना एक अख्खी बाजू व्यापत होती. प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक, कुठवर लांबवता येतो, याचा जणू तो विक्रमच होता. त्याच वर्षी नेदरलँड्समधील हिल्व्हर्सम शहरातल्या पाच तरुणांचा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला. एका एलपीच्या दोन बाजूंवर त्यात नऊ गाणी बसवलेली होती. सर्वांत मोठे गाणे सव्वाआठ मिनिटांचे आणि सर्वांत छोटे तीन मिनिटांच्याही आत आटोपणारे. बँडचे नाव कायाक आणि अल्बमचे नाव ‘सी सी द सन’. गेली काही वर्षे हा अल्बम मी वरचेवर ऐकत आलो आहे. प्रत्येक वेळी तो संपल्यावर ओठांवर उरते ती एखादी चाल. कीबोर्डवरची करामत किंवा ड्रम्सची विषम मात्रांची कसरत आठवत बसावी लागत नाही. या संगीतप्रकारातील अल्बमबद्दल असे फार वेळा म्हणता येत नाही.

डच रॉक म्हटले की जाणकार श्रोत्यालाही तीन-चार नावांपलीकडे जाता येत नाही. १९७०च्या सुरुवातीला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले शॉकिंग ब्लूचे ‘व्हीनस’, गोल्डन इअररिंगचे ‘रडार लव्ह’ आणि गाता गाता मध्येच आल्प्समधील गुराख्यांसारखी गळ्याची कोलांटउडी घेणारे फोकसचे ‘होकस पोकस’ एवढीच सहसा यादी होते. या यादीत कायाकचे नाव नसते. त्यांच्या स्वतःच्या देशात हा बँड अजिबात अनोळखी नाही. १९७९मध्ये गाजलेले त्यांचे ‘रूथलेस क्वीन’ हे संथ प्रेमगीत तिथल्या एका पिढीला तोंडपाठ असावे. पण देशाची हद्द ओलांडली की हा बँड केवळ संग्राहकांच्या बोलण्यात उरतो, आणि तिथेही पहिल्या अल्बमचा उल्लेख ‘येससारखा काहीसा’ एवढ्या दोन शब्दांत उरकला जातो. ही तुलना अगदीच चुकीची नाही, पण तिने या अल्बमवर अन्यायच अधिक झाला आहे.

हिल्व्हर्सम हे नेदरलँड्सच्या रेडिओ प्रसारणाचे केंद्र आहे. जुन्या युरोपीय रेडिओंच्या स्टेशन लावण्याच्या तबकडीवर लंडन आणि पॅरिसच्या शेजारी हे नाव छापलेले असे, एवढा त्या शहराचा आणि प्रसारणाचा संबंध घट्ट होता. तिथल्या संगीतविद्यालयात टॉन स्खेर्पेनझेल आणि पिम कोपमन हे दोन मित्र शिकत होते. पहिल्याचा विषय डबल बास होता आणि दुसऱ्याचा तालवाद्ये. विद्यालयीन शिक्षणाचा परिणाम अल्बमभर जाणवतो, पण तो ज्ञानप्रदर्शनाच्या रूपाने नव्हे. गाण्यात कोणती गोष्ट कुठे थांबवायची हे या दोघांना कळते, त्यात तो दिसतो. दोन-तीन बँडांच्या उमेदवारीनंतर १९७२मध्ये कायाक उभा राहिला. स्खेर्पेनझेल कीबोर्डवर, कोपमन ड्रम्सवर, योहान स्लाखर गिटारवर, केस फान लेवेन बासवर आणि गायक मॅक्स वेर्नर, अशी ही पंचकडी होती. (डच नावांतला ‘ग’ घशातून खरवडून काढावा लागतो, त्यामुळे ही नावे देवनागरीत जवळपासच लिहिता येतात, जाणकारांनी सांभाळून घ्यावे.) यांतले फान लेवेन पुढे वकील झाले आणि २००२मध्ये नेदरलँड्सच्या मंत्रिमंडळात सांस्कृतिक खात्याचे राज्यमंत्री म्हणून काही महिने राहिले. या अल्बमवर बास वाजवणाऱ्या हातांनी पुढे सरकारी फायलींवर सह्या केल्या, ही गोष्ट मला उगाचच आवडते.

हा अल्बम काढला हार्वेस्ट या लेबलाने. ईएमआय कंपनीने १९६९मध्ये खास अशाच वाटा धुंडाळणाऱ्या संगीतासाठी हे लेबल सुरू केले होते आणि १९७३च्या मार्चमध्ये त्याच लेबलावर पिंक फ्लॉइड या इंग्रज बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम निघाला होता. घरचाच थोरला भाऊ इतका कर्तबगार निघाल्यावर धाकट्याकडे कोणाचे लक्ष जाणार?

अल्बमची सुरुवात होते ‘रीझन फॉर इट ऑल’ या साडेसहा मिनिटांच्या गाण्याने, आणि कायाकचा सगळा विचार या एका गाण्यात सापडतो. आरंभी वाद्यांचा भरघोस, उजळ घोष आहे, मग आवाजांचे थर चढतात, लय बदलते, पुन्हा बदलते; प्रोग्रेसिव्ह रॉकचे सगळे मानपान इथे यथासांग पार पडतात. परंतु लक्ष देऊन ऐकले तर प्रत्येक वळणानंतर बँड आपल्या मूळ चालीकडे परततो असे दिसते. आपल्या गायकीच्या भाषेत सांगायचे तर इथे तानबाजीला मुभा आहे, मात्र तान संपली की मुखडा घेऊन समेवर येण्याचे बंधन कोणी मोडत नाही. त्या काळातील अनेक नामांकित बँडांच्या रचना ऐकताना अमुक भागानंतर तमुक भाग का आला, याचे उत्तर ‘येऊ शकतो म्हणून आला’ याहून वेगळे देता येत नाही. कायाकच्या रचनेत मात्र मधला भाग नेहमी चालीच्या एखाद्या तुकड्यातून फुटतो आणि तिलाच परत येऊन मिळतो. म्हणूनच साडेसहा मिनिटे लांब वाटत नाहीत. स्खेर्पेनझेल आणि कोपमन हे दोघे अंगाने गीतकार-संगीतकार होते, वादक त्यानंतर. अल्बममधली बहुतेक गाणी त्यांचीच आहेत, आणि दोन चालकारांची आपापसांतली चढाओढ बहुतेक ठिकाणी अल्बमच्या पथ्यावर पडली आहे.

या आवाजात मेलोट्रॉनचा वाटा मोठा आहे आणि तो वाजवतो गायक वेर्नर, हे विशेष. मेलोट्रॉन हे त्या काळातील एक विक्षिप्त वाद्य होते. दिसायला ते ऑर्गनच्या पेटीसारखे असते, पण त्याच्या पस्तीस पट्ट्यांपैकी प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपचा एकेक तुकडा असतो, आणि त्यावर व्हायोलिन, बासरी किंवा वृंदगान यांतला एकेक सूर आधीच ध्वनिमुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की टेप सरकते आणि तो सूर वाजतो, सुमारे आठ सेकंद. नंतर टेपच संपते. त्यामुळे वादकाला सूर लांबवून बसता येत नाही, सतत स्वरसमूह बदलत राहावे लागतात. टेपच्या किंचित थरथरीमुळे त्या व्हायोलिनना एक धूसर, जुन्या छायाचित्रासारखा रंगही येतो. इतर बँड या वाद्याचा उपयोग सहसा भव्यतेचा पडदा टाकण्यासाठी करतात. कायाककडे ते बहुधा गळ्याच्या मागे, आपल्याकडच्या संगीत नाटकांत ऑर्गन नटाची साथ करीत असे तसे, गाणाऱ्याला आधार देत राहते. गाणाराच जवळपास उभा राहून वाजवत असल्यामुळे असेल, पण आवाज आणि मेलोट्रॉन यांच्यात कुठेही भांडण ऐकू येत नाही.

वेर्नरच्या आवाजाबद्दल मात्र वाचकाला आधीच सावध करावे लागेल. तो पातळ, किंचित नाकातला आणि वरच्या पट्टीत ताणला गेला की कातर होणारा आवाज आहे. पहिल्यांदा ऐकताना मला तो खटकला होता, आणि काही मित्रांनी तर तेवढ्याच कारणासाठी अल्बम अर्ध्यात बंद केला. सवय झाल्यावर त्याच कातरपणात एक भाबडेपणा दिसू लागतो आणि तो या गाण्यांना शोभतो. एखाद्या तगड्या, पल्लेदार गळ्याने हीच गाणी नाटकी करून टाकली असती. पुढे १९७८च्या सुमारास वेर्नर स्वतःहून ड्रम्सच्या मागे जाऊन बसला आणि गाण्याची जागा एडवर्ड रीकर्स या अधिक गोड गळ्याच्या गायकाला मिळाली. ‘रूथलेस क्वीन’ त्यानंतरचे आहे. आवाज सुधारला, हे खरे. पण पहिल्या अल्बमची ती अवघडलेली निरागसता परत आली नाही, असे माझे मत आहे.

पहिल्या बाजूवरील पुढच्या तीन गाण्यांचा हिशेब इतका सरळ नाही. ‘लिरिक्स’ हे पावणेचार मिनिटांचे गाणे सिंगल, म्हणजे स्वतंत्र छोटी रेकॉर्ड, म्हणूनही काढले होते आणि ते योग्यच होते. गाण्याचे शब्द लिहिण्याच्या उद्योगाकडेच पाहणारे, आटोपशीर आणि एकदा कानात शिरले की बाहेर न पडणारे असे हे गाणे आहे. ‘मोल्डी वूड’मध्ये मात्र आवाजांची गुंफण इतकी दाट झाली आहे की मूळ चाल श्वास घेण्यासाठी धडपडते आहे असे वाटते. हुशार मुलाने परीक्षेत विचारले नव्हते तेही लिहून टाकावे, तशातला हा प्रकार आहे. त्यानंतर येते ‘लव्हली लूना’, अल्बममधले सर्वांत लांब आणि सर्वांत संथ गाणे. रात्रीच्या शांततेतून हळूहळू फुलत जाणारी ही रचना स्वतंत्रपणे ऐकली तर सुंदर आहे. पण बाजूच्या शेवटी, गुंतागुंतीच्या गाण्यानंतर लगेच ती येते, तेव्हा श्रोत्याचा धीर थोडा सुटतो. तिला दीड-दोन मिनिटांची कात्री लावली असती तर काही बिघडले नसते. चंद्राला आळवायचे म्हणून चंद्र मावळेपर्यंत थांबलेच पाहिजे असे नाही.

दुसरी बाजू मला अधिक प्रिय आहे. ‘होप फॉर अ लाइफ’ हे जवळपास सात मिनिटांचे गाणे अनेक खंडांचे आहे. त्याच्यासाठी नेहमीच्या पाच जणांखेरीज जादा तालवादकही घेतले आहेत. पहिल्या बाजूवर जी गुंतागुंत ‘मोल्डी वूड’मध्ये फसली, तीच इथे जमून येते, कारण खंडांमध्ये मोकळी जागा ठेवलेली आहे. ‘बॅले ऑफ द क्रिपल’ या गाण्याचे शीर्षक आजच्या कानांना टोचते, आणि टोचायलाच हवे. अपंग माणसासाठीचा तो शब्द आता कोणी सहज वापरणार नाही. रचनेत मात्र हिणवण्याचा सूर नाही. व्हायोलिन आणि चेलो यांच्या साथीने ती नृत्याच्या अंगाने सरकते. चेलो वाजवणारा पाहुणा अर्न्स्ट रायसेखर त्या वेळी विशीही न ओलांडलेला मुलगा होता. पुढे त्याने मुक्त जॅझच्या क्षेत्रात नाव कमावले आणि वेर्नर हेर्झोग या जर्मन दिग्दर्शकाच्या चित्रपटांना संगीत दिले. इथे त्याच्या वाट्याला फार काही आलेले नाही, पण खऱ्या तारवाद्यांचा खरखरीत स्पर्श मेलोट्रॉनच्या कृत्रिम तारांशेजारी ठेवून ऐकला की दोहोंतला फरक कानाला स्पष्ट कळतो, आणि दोहोंची गोडी वाढते. ‘फॉरेव्हर इज अ लोनली थॉट’ या उदास गाण्याबद्दल एवढेच म्हणेन की ते रात्री उशिरा, दिवे मालवून ऐकावे.

आणि मग येतो ‘मॅमथ’. तीन मिनिटांना तीन सेकंद कमी असलेले हे उड्या मारणारे गाणे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या कडव्या चाहत्यांना हलकेफुलके वाटते, काहींना तर अल्बममधले गालबोट. माझ्या मते मात्र संपूर्ण अल्बममध्ये सर्वांत अस्सल डच क्षण इथेच आहे, कारण या गाण्यात रस्त्यावरचा ऑर्गन वाजतो. नेदरलँड्सच्या शहरांतून फिरणारे हे ऑर्गन म्हणजे चाकांवर उभे केलेले, रंगीत बाहुल्यांनी नटवलेले एक लाकडी कपाटच असते. त्याला वादक नसतो; छिद्रे पाडलेल्या जाड पुठ्ठ्यांची घडीची पोथी त्यातून सरकते, जिथे छिद्र असेल तिथली नळी वाजते, आणि शेजारी उभा असलेला माणूस पितळी भांडे तालात खुळखुळवत चिल्लर गोळा करतो. त्याचा आवाज भपकेदार, थोडा बेसूर आणि विलक्षण आनंदी असतो. आपल्या वरातीतल्या ब्रास बँडचा आवाज दिवाणखान्यात बसून रेकॉर्डवर ऐकताना जे वाटेल, ते एखाद्या डच माणसाला हे गाणे ऐकताना वाटत असावे. इंग्रजीत गाणाऱ्या, इंग्रज बँडांच्या वळणाने वाजवणाऱ्या आणि इंग्रज कंपनीच्या लेबलावर निघालेल्या या अल्बममध्ये तेवढ्यापुरती खिडकी उघडते आणि खालच्या रस्त्याचा गलबला आत येतो. आणखी दोन-तीन ठिकाणी बँडने असेच धाडस केले असते, तर त्यांची तुलना येसशी करण्याची पाळी कोणावर आली नसती.

शेवटचे शीर्षकगीत सव्वाचार मिनिटांचे आहे. पहिल्या गाण्याप्रमाणे यातही आवाजांचे थर आहेत, पण इथे कोणाला काही सिद्ध करायचे नाही. चाल साधी आहे आणि ती साधीच राहू दिली आहे. सिंगल म्हणून हेही काढले गेले होते. नऊ गाण्यांच्या अल्बममधून तीन सिंगल निघावेत, ही प्रोग्रेसिव्ह रॉकच्या दुनियेत त्या काळी काहीशी संशयास्पद बाब होती.

दोष सांगायचे तर पहिला ध्वनीचा. नऊ गाण्यांची लांबी मिळून जवळपास ४८ मिनिटे भरते, म्हणजे एलपीच्या प्रत्येक बाजूवर सुमारे २४ मिनिटे. बाजू जितकी लांब, तितके खोबणीचे वेटोळे एकमेकांजवळ आणावे लागतात आणि ध्वनीची पातळी, विशेषतः खर्जातला जोर, कमी करावा लागतो. जुन्या रेकॉर्डवर हे स्पष्ट ऐकू येते. बास आणि मोठा ड्रम दारामागे वाजत असल्यासारखे वाटतात. सीडीवर खोबणीची अडचण नसल्यामुळे परिस्थिती बरी आहे, तरी वाद्ये आणि आवाज यांचे मूळ ध्वनिमिश्रणच जरा अंगाने बारीक आहे. त्याच वर्षी, त्याच लेबलावर पिंक फ्लॉइडने ध्वनीला जी खोली आणली, तिच्या जवळपासही हा अल्बम जात नाही. दुसरा दोष शब्दांचा. मातृभाषा नसलेल्या भाषेत लिहिणाऱ्यांची जी तारांबळ उडते, ती इथेही उडालेली आहे. कल्पना बऱ्या आहेत, पण ओळी कधी पुस्तकी तर कधी बाळबोध होतात, आणि यमक जुळवण्यासाठी अर्थाला वाकवल्याच्या खुणा जागोजागी दिसतात. मला याचा फारसा त्रास होत नाही, कारण मी हा अल्बम चालींसाठी ऐकतो. शब्दांवर जीव असणाऱ्या श्रोत्याने मात्र अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात.

हा अल्बम दुर्लक्षित का राहिला, याचे कारण त्याच्या गुणातच दडलेले आहे. लांबलचक रचनांची चटक लागलेल्या श्रोत्यांना तो पुरेसा गंभीर वाटला नाही आणि तीन मिनिटांची गाणी ऐकणाऱ्यांना तो पुरेसा सरळ वाटला नाही. दोन्ही पंगतींत पान मांडलेले असूनही वाढपी पुढे निघून जावा, तसे काहीसे झाले. पुढे बँडही हळूहळू दुसऱ्या पंगतीकडे सरकत गेला. १९७५चा ‘रॉयल बेड बाउन्सर’ हा कदाचित त्यांचा सर्वांत घोटीव अल्बम आहे, पण त्यानंतर कोपमन बाहेर पडला. त्याने स्थापन केलेल्या डीझल या बँडचे ‘सॉसॅलिटो समरनाइट’ १९८१मध्ये अमेरिकेतही गाजले. वेर्नरने त्याच वर्षी ‘रेन इन मे’ हे स्वतःचे गाणे यशस्वी करून दाखवले. स्खेर्पेनझेल १९८४मध्ये कॅमल या इंग्रज बँडच्या ‘स्टेशनरी ट्रॅव्हलर’ या अल्बमवर कीबोर्ड वाजवताना सापडतो. १९८२मध्ये विसर्जित झालेला कायाक शतकाच्या अखेरीस पुन्हा एकत्र आला, २००९मध्ये कोपमनचे निधन झाले, आणि तरीही स्खेर्पेनझेलने २०२१पर्यंत या नावाने नवे अल्बम काढले. एवढ्या लांब वाटचालीत पहिले पाऊल नजरेआड होणे स्वाभाविक आहे.

आज हा अल्बम मिळवणे कठीण नाही. इंटरनेटवर तो सहज ऐकता येतो आणि सीडीच्या रूपाने त्याच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या आहेत. ज्यांना जेनेसिस किंवा येस आवडतात पण वीस मिनिटांची रचना पाहून धडकी भरते, आणि ज्यांना बीटल्सच्या उत्तरार्धातील गाणी आवडतात पण त्यात थोडा अधिक नखरा चालेल असे वाटते, त्या दोघांनाही मी तो निःसंकोच सुचवेन. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने मात्र क्रम मोडावा. दुसऱ्या बाजूपासून, म्हणजे ‘होप फॉर अ लाइफ’पासून सुरुवात करावी, शेवटपर्यंत जावे आणि मग ‘रीझन फॉर इट ऑल’कडे वळावे. तोवर वेर्नरचा आवाज कानाला रुळलेला असतो. ‘लव्हली लूना’ वेगळ्या रात्रीसाठी राखून ठेवली तरी चालेल. सीडीच्या काही आवृत्त्यांत शीर्षकगीतानंतर दोन जादा छोटी गाणी जोडलेली आहेत. ती वाईट नाहीत, पण ‘सी सी द सन’चा शेवटचा सूर विरल्यावर लगेच ऐकवत नाहीत. मी तिथे बटण दाबून थांबतो.